दोन सुपाऱ्या, पाच खारका

केम स्टेशनच्या अलीकडे एका मळ्यात चौऱ्याहत्तर साली दर मंगळवारी चमत्कार होत असे. इतर दिवशी होत नसे, कारण इतर दिवशी गर्दी नसे. पॅसेंजरमधून उतरलेल्या बायका उन्हातून चालत मळ्यात पोचत आणि मांडवाबाहेर रांगेत बसत. मांडवाच्या प्रत्येक मेढीला छोटे लाकडी पाळणे टांगलेले होते, म्हणून त्या सिद्धपुरुषाचं नाव पाळणेवाले महाराज. अक्कलकोटकडच्या बायका कानडीत रडत, माढ्याकडच्या मराठीत रडत, आणि महाराज दोघींनाही सारखंच थक्क करीत.

थक्क करण्याचं कारण असं, की महाराज काही विचारतच नसत. बाई समोर बसली, भरलेली ओटी पसरली, की ते अर्धे डोळे मिटून ओटीवरून मोरपिसांचा कुंचा फिरवीत आणि सांगत, "दोन गेली. दुसरं पाचव्या महिन्यात. पूर्वजन्मी गाभण नागीण मारलीस." बाई हंबरडा फोडी. पहिल्या दोन गोष्टी तंतोतंत खऱ्या निघाल्यामुळे तिसरीही खरी ठरून जाई. नागिणीचे नातेवाईक खुलासा करायला थोडेच येणार होते.

यावर उपाय पाच मंगळवारचा. दर खेपेला नव्याने ओटी भरून घ्यायची, आणि पाच मंगळवार पुरे होईपर्यंत अंगाला सुई लावायची नाही, गोळी गिळायची नाही, डॉक्टरचा उंबरा ओलांडायचा नाही. या शेवटच्या अटीबाबत महाराज फार काटेकोर होते. विश्वाचा कारभार पाहणाऱ्या शक्तीला साध्या एम.बी.बी.एस. माणसाची एवढी धास्ती का, हे मला समजलं नाही. पण मी नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे अध्यात्मात कच्ची आहे.

ही नागीण मारणारी बाई म्हणजे माझी शेजारीण महादेवी. सोलापुरात आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहायची. नवरा महिपती गिरणीत, सासू सोजरबाई घरात, आणि महादेवी दिवसभर दारात बसून मागवाल्यांसाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. त्यानंतर चाळीतल्या हळदीकुंकवाला तिची ओटी भरणं बायकांनी हळूच बंद केलं. कुणी भांडलं नाही, काही बोललं नाही, फक्त तबक तिच्यासमोरून पुढे जायचं. मीही त्या बायकांत बसलेली असायचे.

पुण्याचे एक तज्ज्ञ डॉक्टर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सोलापुरात येत. दोन महिने आधी नाव घालून मी तिला त्यांची वेळ मिळवून दिली होती. दवाखान्यातून चिठ्ठी आली: पाळीच्या तारखा लिहून आणा, मागचे कागद आणा, गर्भ गेले तेव्हा ताप, दुखणं, औषधं काय होती ते आठवून ठेवा, आणि नवऱ्याला बरोबर आणा. आम्ही दोघी वहीचा रेघी कागद घेऊन बसलो. महादेवीला तारखा येत नव्हत्या, पण गड्ड्याच्या जत्रेआधी आठ दिवस, पाडव्यानंतरचा बाजार, असं सगळं पक्कं आठवत होतं. कॅलेंडर काढून मी त्याच्या तारखा केल्या. "पती" या मथळ्याखालची जागा मात्र कोरी राहिली, कारण महिपती यायला तयार नव्हता. मूल तिच्या पोटातून गेलं, मग माझं काय तपासायचं, असं त्याचं शास्त्र होतं.

"समदं आपुनच लिहून न्यायचं, तर डॉक्टराला काय येतं?" तो म्हणाला. "म्हाराज न इचारता सांगत्यात."

सोजरबाईंना हे इतकं पटलं की पुढच्याच मंगळवारी त्या सुनेला घेऊन केमला गेल्या. महाराजांनी दोन हा आकडा सांगितला, पाचवा महिना सांगितला, आणि पाच मंगळवारांचा नेम घातला. दुसरा मंगळवार डॉक्टरांच्या बुधवारच्या आदल्या दिवशी येत होता. म्हणजे आमचा कागद गेला बाराच्या भावात.

मी महादेवीला अंधश्रद्धेवर अर्धा तास भाषण दिलं. तिने ते कांड्या भरता भरता ऐकलं. मग म्हणाली, "बाई, तुमी सा वर्सं शेजारी हाय. माझी किती गेली, कितव्या म्हैन्यात गेली, कदी इचारलंसा का? कागद लिवायची येळ आली तवा इचारलंसा. तितं मथुरामावशीनं गेल्या गेल्या इचारलं."

 गणिताच्या बाईला एवढी साधी गोष्ट मोजता आली नव्हती, याची मला लाज वाटली. मी विचारलं, ही मथुरामावशी कोण?

मळ्याच्या तोंडाशी लिंबाखाली बसून येणाऱ्या प्रत्येकीची ओटी भरणारी ती म्हातारी. जवळ घेते, पाठीवरून हात फिरवते, "किती गेली गं लेकी?" म्हणून डोळ्याला पदर लावते. बायका मोकळ्या होऊन सगळं सांगतात. मग ती ओटी भरते आणि रांगेत पाठवते.

"मग महाराज न विचारता कसे सांगतात?" मी म्हटलं. "ती जाऊन सांगत असेल."

"न्हाय. ती जागची हालत न्हाय." महादेवीने चरखा थांबवला. "पन येताना गाडीत बायकांनी वट्या सोडल्या की. माझ्यात दोन सुपाऱ्या, पाच खारका. शेजारणीच्यात चार सुपाऱ्या, तीन खारका. मी तिला इचारलं. तिची चार गेली, शेवटचं तिसऱ्यात."

दिवसभर कांड्या मोजून देणाऱ्या बाईची नजर मोजल्याशिवाय राहत नाही. तिने आणखीही पाहिलं होतं. जिची पोटातली गेली तिला तांबडा खण, जिला दिवसच गेले नाहीत तिला हिरवा. तरीही तिला खात्री नव्हती. मावशी इतक्या मायेने रडली होती, की ती खोटी असावी असं तिला वाटतच नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारी सासू-सुनेबरोबर मीही गेले. लिंबाखाली मथुरामावशीने आधी मला जवळ घेतलं. मी खरंच सांगितलं: दोन मुली, एक मुलगा. मला पिवळा खण मिळाला, तीन सुपाऱ्या आणि एक खारीक. मग महादेवी पुढे झाली. आठ दिवसांपूर्वी जिच्या खांद्यावर ती रडली होती, त्या मावशीने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, "किती गेली गं लेकी?" म्हटलं आणि डोळ्याला पदर लावला. तोच प्रश्न, तोच हात, तोच पदर. मावशीला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

महादेवीने दोन्ही उत्तरं पुन्हा दिली. पुढे कडब्याच्या गंजीआड आल्यावर तिने आपली ओटी माझ्या पदरात टाकली आणि माझी स्वतःच्या पदरात घेतली. हे आमचं ठरलेलं नव्हतं.

महाराजांनी कुंचा फिरवला. सातव्या पडद्यापलीकडे कुठेतरी पाहिलं. तिथे बहुधा पिवळा खण दिसला असावा.

"तीन लेकरांची भाग्यवान माता," ते म्हणाले. "दोन कन्या, एक पुत्र. दुसऱ्या कुलदीपकाची आस घेऊन आलीस."

मागे उभ्या सोजरबाईंचा चेहरा पडला. "म्हाराज," त्या म्हणाल्या, "हिच्या मांडीवर एक बी न्हाय ओ."

 सूक्ष्म लोकात तीन आहेत, स्थूल देहात यायची आहेत, असा खुलासा महाराजांनी केला. पण महादेवी उठली होती. तिने ओटी सतरंजीवर ओतली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"तीन लेकरं ह्या बाईंची हायती. आमी वट्या बदलल्या. तांबडा खण आसंल तर सुपाऱ्या म्हंजी गेलेली लेकरं, खारका म्हंजी म्हैने. आपापल्या वट्या सोडून मोजा."

मग त्या मांडवात मी कधीच पाहिली नव्हती अशी गोष्ट घडली. पन्नास-साठ बायकांनी पदर सोडले आणि मोजायला सुरुवात केली. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, माझ्यात तीन. दुसरी कानडीत काही म्हणाली आणि रडायला लागली. लिंबाखालची मावशी टोपली तशीच टाकून उसाच्या दिशेने चालू लागली. महाराजांना त्या दिवशी समाधी जरा लवकरच लागली. दहा-बारा बायका तरीही रांगेतून हलल्या नाहीत, त्यांचा मला राग आला नाही. इतक्या लांबून आशा घेऊन आल्यावर रिकाम्या हाताने उठणं सोपं नसतं.

परतीच्या गाडीत सोजरबाई खिडकीशी बसून एकेक खारीक खात होत्या. माढा गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या महिपती येईल. कसा येत न्हाय ते बगते."

बुधवारी महिपती महादेवीबरोबर दवाखान्यात गेला. आत काय झालं ते महादेवीने मला नंतर सांगितलं. डॉक्टरांनी पाऊण तास प्रश्न विचारले आणि उत्तरं तिच्यासमोर शाईने लिहिली. महिपतीचंही रक्त घेतलं, त्याच्याही तपासण्या लिहून दिल्या. कागदात दुसऱ्या खेपेची वेळ राहून गेली होती. ती महिपतीने सांगितली. तो रातपाळीहून सकाळी घरी आला तेव्हा महादेवी मोरीत बसलेली होती, सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात ती वेळ होती, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी महादेवीने विचारलं, नागीण मारल्यानं असं होतं का? डॉक्टर म्हणाले, नाही. आणि तुमच्या हातून चूक झाली म्हणूनही झालेलं नाही. मग कशानं? तर म्हणाले, मला अजून माहीत नाही, तपासून बघू.

"एवडा शिकलेला मानूस," महादेवी मला म्हणाली, "मला म्हाईत न्हाय म्हनला. मला लई बरं वाटलं."

ही हकीकत सांगितली की लोक हटकून विचारतात, मग तिला मूल झालं का? ते मी सांगत नाही. झालं म्हटलं तर तुम्ही डॉक्टरांचा पाळणा बांधाल, नाही म्हटलं तर केमचं तिकीट काढाल. खात्री महाराजांनी दिली होती, डॉक्टरांनी दिली नव्हती, आणि दोघांतला खरा माणूस ओळखायला तेवढं पुरतं. तुमच्या घरातल्या बाईचं असं काही गेलं असेल, तर न विचारता सांगणाऱ्याकडे तिला नेऊ नका. जो विचारतो आणि तिच्यासमोर लिहून घेतो त्याच्याकडे न्या, दोघं मिळून जा. आणि जाण्याआधी, किती गेली आणि कधी गेली, हे एकदा तुम्ही स्वतः तिला विचारा.