दुसऱ्या बाईच्या नावाची होडी

वैशालीची नवी होडी टेंपोवरून वरळीच्या बंदरावर उतरली आणि तिला ओवाळायचा मान आला बकुळाकडे. मोठी जाऊ ना ती! हिरवं लुगडं चापूनचोपून नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून बकुळा ताट घेऊन उभी राहिली. तोंडावर हसू आणि पोटात नुसता जाळ. होडी फायबरची, निळीशार. पुढच्या टोकाला, नाळेवर, सोनेरी अक्षरांत नाव लिहिलेलं: वैशाली. ऊन पडलं की ती अक्षरं अशी चमकत, की बकुळाला दुसरीकडे बघायची सोय राहिली नाही.

ओवाळून झालं, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मग वैशालीचा नवरा राकेश आपल्या थोरल्या भावाच्या, म्हणजे राजारामच्या, खांद्यावर हात टाकून चारचौघांत बोलला, "दादूस, नारली पुनवेला दर्या उघडला की येशील ना माज्या होरीवर? तुजा वाटा धरलाय मी."

राजाराम नुसता हसला. तो माणूस कशालाही हसायचा. गेल्या वर्षीच्या वादळात त्याची स्वतःची होडी किल्ल्याखालच्या खडकावर आपटून दुभंगली, तेव्हाही तो फळ्या गोळा करताना हसत होता.

पण वैशालीला तेवढ्याने पुरलं नाही. पेढ्याचा बॉक्स पुढे करत ती म्हणाली, "आन वयनी, आता म्हावरा पन आमच्याकडनंच घ्या. घरचाच हाय. भायेरच्यांसारका भाव नाय लावनार मी तुमाना."

बकुळाने पेढा घेतला, तोंडात टाकला आणि चावलाच नाही. घरी जाईपर्यंत तो तसाच गालात धरून होती.

घरात पाऊल टाकताच तिने तोंड सोडलं. "आयकलाव? तुमी तिच्या नवऱ्याच्या हाताखाली जाल जालं वढायला, आन मी टोपली घेऊन तिच्या दारात उबी ऱ्हायेन! जी पोरगी लगीन होऊन आली तवा तिला सुरमय कापता येत नव्हती! मी शिकवलंय तिला, मी!"

"मग घेऊ ना होरी," राजाराम शांतपणे म्हणाला. "पुनवेला अजून महिना हाय. ऑस्वाल्ड त्याची विकतोय. गुडघे गेले त्याचे, आन त्याचा पोरगा कॉलिन तर ऑफिसात लागला, तो काय दर्यात उतरनार नाय."

बकुळा एकदम गप्प झाली. तिचं गप्प होणं हे बोलण्यापेक्षा वाईट असतं, हे राजारामला लग्नाच्या चौथ्या दिवसापासून माहीत होतं.

"सेसिलियाची होरी?" ती शेवटी म्हणाली.

"ऑस्वाल्डची."

"सेसिलियाची."

आता यात बकुळाचं चुकतच होतं असं नाही. ऑस्वाल्डच्या होडीचं नावच होतं सेसिलिया, त्याच्या बायकोवरून ठेवलेलं. ही सेसिलिया दादरच्या बाजारात बकुळाच्या बाजूलाच बसायची, गेली वीस-बावीस वर्षं. बाजूला बसून गिऱ्हाईक पळवलं असतं तर बकुळाने ते सोसलं असतं, धंदाच आहे तो. पण सेसिलियाचं एक पालुपद होतं. पापलेट साफ करता करता ती कुणालाही सांगायची, "माज्या लग्नाला ऑस्वाल्डनं नवीन होरी बांदली. माज्या नावाची. अख्ख्या कोलीवाड्यात कुना बाईचा असा लाड झाला नाय." गिऱ्हाईक असो, पोलीस असो, बर्फवाला असो, सगळ्यांना हे ऐकावं लागे. आणि बकुळाला तर रोज. बकुळाच्या लग्नाला राजारामने बांधली होती फक्त दाराला आंब्याची डहाळी.

शिवाय राजाराम लग्नानंतर सहा वर्षं त्याच होडीवर खलाशी होता आणि सेसिलिया खलाशांना डबा द्यायची. एकदा जेवताना हा बाबा बोलून गेला, की सेसिलियाच्या हातचं बोंबलाचं लोणचं कुणाला जमणार नाही. त्या दिवसापासून बकुळाच्या घरात बोंबलाचं लोणचं झालेलं नाही.

"मना नवीन होरी पायजे," बकुळा म्हणाली. "फायबरची. वैशालीपेक्षा एक हात लांब."

"आन इंजिन? 'माज्या पाटल्या मोडा' म्हनशील, तर त्यात नुसती होरी येईल. मग रे रोडला जाऊन जुनं इंजिन आनायचं. नव्या नवरीला म्हातारा नवरा! ऑस्वाल्डचं इंजिन दोन वर्सांचं हाय, बकुला. लाकूड सागाचं. मी सा वर्सं चालवली ती, मना तिची खोड न् खोड ठावी हाय."

"पाटल्या माज्या हायत, तुमच्या नाय. आन शिला म्हावरा मी कदी गिऱ्हाइकाला दिला नाय. तुमी मना शिली होरी देताव?"

राजाराम हसला. ती आणखीच चिडली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन फायबरच्या होड्या बनवणाऱ्याकडे गेली. शेडमध्ये दोन होड्या पालथ्या पडल्या होत्या, गुळगुळीत. बकुळाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी पोटच्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. पण त्या दोन्ही आधीच दुसऱ्यांनी सांगून ठेवलेल्या. कारागीर म्हणाला, "तुमची दिवाळीनंतर. आधी जमणार नाही मावशी, लाइन लागलीये."

दिवाळीनंतर म्हणजे अख्खा पहिला मोसम वैशालीच्या दारात. बकुळाच्या डोळ्यांपुढे तो पेढ्याचा बॉक्स आला. परत येताना बसमधून उतरता उतरता ती म्हणाली, "चला. बगू तुमची ती म्हातारी."

होडी बंदराच्या कडेला लाकडी टेकूंवर चढवलेली होती. जुनी होडी बघायची रीत अशी, की तिच्यात आतून पाणी भरायचं आणि ते बाहेर कुठे झिरपतं ते बघायचं. राजाराम आणि ऑस्वाल्डने सकाळीच पाणी भरून ठेवलं होतं. बकुळा माशाचे कल्ले उघडून बघावेत तशी एकेक फळी वाकून बघत फिरली. खोट सापडावी म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता. दोन ठिकाणी पाणी ठिबकत होतं. तिला फार बरं वाटलं.

"गलतेय," ती म्हणाली.

"दोन फटी हायत," ऑस्वाल्ड म्हणाला. गुडघा चोळत तो दगडावर बसला होता. "कापूस आन राल भरली की झालं. देवा सायबा, या वयात मानूस पन एवढं गलतो. बकुला, ही तुजा सौंसार चालवेल. मी दुसऱ्याला देत नाय, राजाला देतोय."

तेवढ्यात सेसिलिया तिथे आली. फुलाफुलांचा झगा, हातात चहाची किटली. ती होडीच्या नाळेपाशी गेली आणि आपल्याच नावावरून तिने बोटं फिरवली. तिचे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर तिला मनापासून वाईट वाटत होतं, पण ते बकुळाला दिसायची सोय नव्हती.

"बकुला, जपून वापरा गो," सेसिलिया म्हणाली. "लग्नाची होरी माजी. आता तुजा नवरा दर्यात माजं नाव घेऊन फिरेल, बग."

राजारामने मान खाली घातली. आता बकुळा ती किटली उलटी करते की काय, असं त्याला वाटलं. पण बकुळा त्या नावाकडे टक लावून बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांचे रंगाचे थर चढून अक्षरं फळीवर फुगून आली होती. बघता बघता बकुळाच्या डोक्यात एक विचार आला आणि आला तो असा गोड, की तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

होडी आपली झाली, की ते नाव खरवडता येईल.

नुसतं खरवडायचं नाही. सेसिलियाच्या डोळ्यांदेखत, एकेक अक्षर. आणि त्या जागी लिहायचं, बकुळा. लाल ऑइलपेंटने.

"घेतली," बकुळा म्हणाली.

राजारामला वाटलं, आपण चुकून काहीतरी दुसरंच ऐकलं. "घेतली?"

"घेतली म्हनते ना! नाव मात्र मी माजं लिवनार."

सेसिलियाने किटली खाली ठेवली. ऑस्वाल्ड एकदम घाईने म्हणाला, "लिव ना, तुजीच होरी. पन वरून रंग मार. खरवडू नको. फली कमजोर व्हते."

"वरून रंग मारला तर खालचं उटून दिसनारच," बकुळा म्हणाली. "मी खरवडनार."

ऑस्वाल्डने राजारामकडे बघितलं. राजाराम कधी नव्हे तो हसला नाही.

पाटल्या मोडल्या, कागद झाले, फटींत कापूस भरला गेला. बकुळाने मुद्दाम रविवार धरला. चर्च सुटून सेसिलिया बंदरावरून घरी जायची वेळ तिला पक्की माहीत होती. तिने लाल रंगाचा डबा आणला, ब्रश आणला, भेगा बुजवायला रंगाऱ्याकडची लांबी आणली, खरवडायला पत्रा आणला. बाजूलाच वैशालीची निळी होडी उभी होती. बकुळाने पदर खोचला आणि 'से'वर पत्रा चालवला.

रंगाचे पापुद्रे पडू लागले. लाल, खाली हिरवा, त्याखाली पांढरा. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! बावीस वर्षांचं ते पालुपद तिच्या पायाशी भुग्यासारखं पडत होतं. मग पत्रा एकदम अडकला. तिथून जुनी वाळलेली लांबी खपलीसारखी निघाली आणि तिच्या खाली, लाकडात खोल, पटाशीने कोरलेलं अक्षर दिसलं. ते 'से' नव्हतं. 'ल' होता. बकुळाने आणखी थोडं खरवडलं. 'क्ष'.

ती पत्रा हातात धरून तशीच उभी राहिली. मग दबक्या आवाजात तिने हाक मारली, "अवो. हिकडं या."

राजाराम आला. त्याने बघितलं आणि डोकं खाजवलं.

"लक्ष्मी," तो म्हणाला. "अर्नाल्याच्या कुना नाखव्याची व्हती. ऑस्वाल्डनं ती सेकंड घेतली, लग्नाच्या आदी. वर लांबी भरून सेसिलिया लिवलं. तिला बोलला, नवीन हाय."

"तुमाना ठावं व्हतं?"

"सगल्या खलाशांना ठावं व्हतं. नावाची फली तो दर वर्सी सोता रंगवायचा, म्हनून तिला कदी कललं नाय."

बकुळाच्या अंगातून हसू उसळून आलं. नवीन होरी! लग्नाची होरी! अख्ख्या कोळीवाड्यात कुणाचा असा लाड झाला नाही! आता सगळी फळी लाकडापर्यंत साफ करते, तिला वाटलं, आणि त्या बाईला हाताला धरून आणून दाखवते. उद्या दादरच्या बाजारात बर्फवाल्यालासुद्धा सांगते.

तिने पत्रा पुन्हा उचलला, आणि तेवढ्यात बाजूच्या निळ्या होडीतून वैशालीचा आवाज आला. ती आपल्या होडीला झेंडू बांधायला चढली होती, बरोबर तिच्या दोन मैत्रिणी. "वयनी, काय बगताव येवढं? मना पन दाखवा की!"

बकुळाचा हात जागच्या जागी थांबला. ती होडी सेसिलियाला सेकंड होती, तर मग बकुळाला? थर्ड! वैशालीची कोरी करकरीत, आणि थोरल्या जावेची तिसऱ्या हाताची. पाटल्या मोडून आणलेली. ही गोष्ट वैशालीला कळली असती, तर संध्याकाळपर्यंत ती माहीमच्या खाडीपलीकडे पोचली असती.

वैशाली होडीतून खाली उतरू लागली. आणि दुसऱ्या बाजूने, छत्री टेकत, चर्चचे कपडे घातलेली सेसिलिया येताना दिसली.

बकुळाने पत्रा फेकला. लांबीचा गोळा घेतला आणि त्या 'लक्ष'वर अंगठ्याने असा दाबला, की नख मोडलं. वरून ओल्या फडक्याने सारखं केलं. ब्रश लाल रंगात बुडवला. बकुळा लिहायचं तर पुढची अक्षरंही खरवडायला हवीत, आणि ती खरवडली की लक्ष्मी आपल्या पायांनी बाहेर येणार. डोक्यात सगळं एका क्षणात फिरून गेलं. दुसरा मार्गच नव्हता. दात आवळून, ओल्या लांबीवरच, तिने 'से' काढला.

"हे काय?" सेसिलिया जवळ येऊन थबकली. "तू तर तुजं नाव..."

"रंग उडालेला," बकुळा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ताजं करतंय."

"म्हंजे नाव सेसिलियाच ठेवनार?" वैशालीने डोळे मोठे केले.

"ठेवनार. लग्नाची होरी हाय तिची. नवीन बांदलेली. अशी होरी आता मिलते का कुटं?"

वैशालीचं तोंड एवढंसं झालं. सेसिलिया मात्र रडायलाच लागली. छत्री टाकून तिने बकुळाला रंगासकट मिठी मारली. "बावीस वर्सं बाजूला बसले गो तुज्या. मना वाटायचं, तू माज्यावर जलतेस. किती मोठं मन तुजं! मी उद्या बोंबलाचं लोनचं घेऊन येतंय, बरनीभर."

राजाराम पाठ फिरवून समुद्राकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

बकुळाने मिठीतून हात सोडवला आणि पुढचं अक्षर गिरवायला घेतलं. 'सि' झालं, 'लि' झालं. सेसिलिया चार पावलं मागे गेली, डोळे पुसले, मान वाकडी करून बघितलं.

"अजून जरा मोठं काढ ना गो," ती म्हणाली. "लांबून दिसलं पायजे."

बकुळाने बाजूच्या निळ्या होडीवरच्या सोनेरी अक्षरांकडे एकदा पाहिलं. मग तिने ब्रश भरून घेतला आणि 'या'चा काना चांगला वीतभर खाली ओढला.