तेल घालून परत आण

मित्रांनो, या शेडच्या मधल्या लोखंडी तुळईकडे जरा मान वर करून पाहा. साखळ्या खाली सोडून लटकलेली दिसते ना, ती मी. मी चेनपुली. माझ्या पोटात दातेरी चाके आहेत आणि खाली जाडजूड हुक आहे. एकट्या माणसाने माझी साखळी ओढत राहावे, की दहा माणसांना न हलणारे यंत्र हळूहळू जमीन सोडते. मध्येच साखळी सोडली तरी ओझे खाली येत नाही, कारण माझ्या पोटात एक छोटीशी खिट्टी आहे. ती चाकाच्या दातात पडते आणि सगळा भार धरून ठेवते. ही खिट्टी लक्षात ठेवा बरे. माझी सारी कहाणी तिच्यापाशी येऊन अडते.

मी भट्टीत तापले, ठोके खाल्ले, कडीला कडी जोडत वाढले. झेपेल त्याहून जास्त ओझे टांगून माझी परीक्षा झाली, तेव्हा कुठे अंगावर पक्केपणाचा ठसा उमटला. तिथून मी आले ती थेट आबांच्या दुकानात.

आबा यंत्रे दुरुस्त करायचे. गल्लीच्या दोन्ही अंगांना असलीच दुकाने होती. समोर एक वेल्डर होता. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक सदऱ्याला जळक्या भोकांची नक्षी असायची. पलीकडे मोटारींच्या तारा गुंडाळणाऱ्या बाई होत्या. टोकाला लेथवर लोखंड कातणारे लेथवाले होते. चेनपुली मात्र एकट्या आबांकडे. आता हा माणूस मला कुलूप लावून बसला असता, तर त्याला कोण काय म्हणणार होते? पण आबांचा स्वभाव तसा नव्हता. सकाळी देवाचे नाव घेऊन शटर वर करायचे आणि जो मागेल त्याला मला देऊन टाकायचे. भाडे विचारले तर एकच उत्तर ठरलेले : "भाडं नको. तेल घालून परत आण."

नुसती आणून टाकलेली मात्र त्यांना चालत नसे. नेणाऱ्याने मला स्वतः तुळईवर चढवायचे, त्यांच्यासमोर एकदा वरखाली ओढून दाखवायचे आणि मग घडीभर टेकायचे. ठिणगी माझी साखळी कानाशी धरून ऐकायचा आणि कुठे करकरते ते अचूक सांगायचा. तो चेष्टेने म्हणायचा, "आबा, तुमची ही लेक सासरी कमी अन् माहेरीच जास्त असते." आबा विचारायचे, "यातलं माहेर कुठलं रे?" ठिणगी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आमचं. तेल कोण घालतं?"

त्या घडीभरात चहाबरोबर सगळी गल्ली बोलायची. कुणाकडे कोणते यंत्र बंद पडले, कुणाला हाताखाली माणूस हवा आहे, कुणाची आई आजारी आहे. बाईंकडे मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, बाकीचे यंत्र समोरच्या आबांना दाखवा. आबांकडे आलेले गिऱ्हाईक जोडकामासाठी ठिणगीकडे जायचे. आबांच्या दुकानावर धड पाटीही नव्हती, पण काम कधी कमी पडले नाही. आणि मी इतक्या हातांतून फिरले, की माझ्या एकाही कडीला कधी तेलाची वाट पाहावी लागली नाही. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

मग आबा गेले. दुकान दोन मुलांकडे आले. थोरला बोलण्यात हुशार, धाकटा हातात हुशार. थोरल्याला दुकान मोठे करायचे होते, आणि त्यात वाईट काहीच नव्हते. तो हॉटेलांतल्या व्यावसायिकांच्या मेळाव्यांना जाऊ लागला. तिथे कुणीतरी भाषणात सांगितले, की ओळखी वाढवा, पण आपल्याहून वरच्यांशी वाढवा. ते त्याच्या मनात घट्ट बसले. खिसे भरून कार्डे न्यायची आणि खिसे भरून आणायची. कंपन्यांचे अधिकारी त्याला नावाने ओळखू लागले. मोठी कामे येऊ लागली. यंत्र उतरवायला कंपनीचीच क्रेन यायची, त्यामुळे मला काम उरले नाही.

एके दिवशी ठिणगी मला न्यायला आला. हातात तेलाचा डबा होताच. थोरला समोरच्या कार्डांवरून नजर न काढता म्हणाला, "काका, आता ज्यानं त्यानं आपापली घ्यावी. हे काही धर्मादाय दुकान नाही."

"बरं," ठिणगी म्हणाला, आणि डबा घेऊन परत गेला.

त्या दिवशी माझे तेल गेले, ते गेलेच. थोरल्याने माझी साखळी गुंडाळून तिला कुलूप घातले. मागणाऱ्यांची कटकट नको म्हणून शटरही खाली ओढून ठेवू लागला. धाकटा अधूनमधून गल्लीत जाऊन बसायचा, तर थोरला त्याला टोचून बोलायचा, की तू आयुष्यभर गल्लीतच राहणार. ओलसर हवेत माझ्या कड्यांवर तांबूस पापुद्रा चढला. पोटातली खिट्टी जागच्या जागी आखडली. बाहेरून मात्र मी होते तशीच दिसत होते.

आणि मग तो दिवस आला. पत्रे दाबणाऱ्या एका मोठ्या प्रेस यंत्राचे बूड उचलायचे होते. दुपारी कंपनीची माणसे काम पाहायला येणार होती आणि क्रेनचा पत्ता नव्हता. क्रेन पाठवणारे साहेब फोन उचलत नव्हते. थोरल्याने माझे कुलूप काढले.

धाकट्याने साखळीवरून हात फिरवला आणि गंजाने लाल झालेला तळवा भावाला दाखवला. म्हणाला, "दादा, आधी ठिणगीकाकांना दाखवू. त्यांना हिचा कान आहे."

"त्यांच्या पाया पडायला जायचं नाही," थोरला म्हणाला. "तू ओढ."

बूड वर गेले. धाकटा साखळी सोडून खाली लाकडी ठोकळा सरकवायला वाकला. मित्रांनो, आजवर मी कुणाचा भार टाकला नव्हता. पण खिट्टी दातात पडलीच नाही. साखळी खडखडत निसटली आणि एका गंजलेल्या कडीवर अडकून घट्ट बसली. मग ती ना वर जाईना, ना खाली. धाकटा छातीपर्यंत त्या लोखंडाखाली होता.

थोरल्याने साखळीला जीव खाऊन हिसके दिले. काही हलले नाही. मग त्याने फोन काढला. पहिले साहेब म्हणाले, मीटिंगमध्ये आहे, मेसेज टाका. दुसऱ्यांनी तिसऱ्यांचा नंबर दिला. तिसऱ्यांना हा कोण तेच आठवेना, ते विचारू लागले, आपण कुठे भेटलो होतो? कार्डे जमिनीवर पसरली होती आणि हा त्यांच्यात गुडघ्यांवर बसून नंबर शोधत होता. शटर खाली होते. त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, ठिणगीचे मशीन सुरू होते, बाईंची चाके फिरत होती. मला तो आवाज ऐकू येत होता. मला हाक मारता येत नाही.

धाकटा हळू आवाजात म्हणाला, "दादा, शटर उघड ना."

शटर उघडले तेव्हा सगळी गल्ली धावली. कुणी मागचे काढले नाही. लेथवाल्यांनी पहार आणि जॅक आणला. बाईंनी तेल आणले. ठिणगीने माझ्या पोटात तेल ओतले, साखळीला कान लावला, एका कडीवर नेमका ठोका दिला, आणि मी सुटले. बूड वर गेले. पण ओढून काढलेल्या धाकट्याचा श्वास तोवर थांबला होता. बाईंनी त्याचे डोके मांडीवर घेतले आणि त्याच्या तोंडावरचा गंज पदराने पुसत राहिल्या.

ठिणगी थोरल्यासमोर उभा राहिला. रागावला नाही. रडत रडत म्हणाला, "पहिली हाक आम्हाला का नाही मारलीस रे? आम्ही इथंच होतो."

 

दुकान बंद झाले. यंत्रे गेली, धाकट्याची बायको लेकराला घेऊन माहेरी गेली, एकटी मी या तुळईवर राहिले. मित्रांनो, माणसे जोडायला निघालात तर जरूर लांब जा, उंच जा. मोठ्यांशी हात मिळवा, त्यात पाप नाही. पण ज्यांच्या हातांनी तुमच्या साखळीला तेल घातले आहे, त्यांच्यासाठी शटर ओढून घेऊ नका. ओळख नुसती टांगून ठेवली की माझ्यासारखी आतून गंजते, आणि ते कळते तेव्हा कुणीतरी खाली असते.

थोरला अजून रोज येतो. शटर पूर्ण वर करतो, माझ्या एकेका कडीला तेल घालतो, एकदा वरखाली ओढतो आणि घडीभर टेकून दाराकडे बघत बसतो. माझी साखळी आता लोण्यासारखी चालते.

न्यायला कुणी येत नाही.