मुद्दाम ठेवलेली चूक

निळ्या बाटलीच्या कडा बोटांना लागत होत्या. उभ्या, बारीक, एकसारख्या... जुन्या काळी विषाच्या बाटलीला मुद्दाम अशा कडा पाडत, घाईत चुकीची बाटली उचलली तर डोळ्यांच्या आधी हाताला कळावं म्हणून. हेस्टर ट्वेडल ती बाटली कोटाच्या खिशातल्या खिशात फिरवत राहिली, कारण तिचं भाषण सुरू व्हायला अजून अवकाश होता आणि मंडळाच्या चिटणीस मागच्या सभेचा वृत्तांत वाचत होत्या. वसंतातल्या जत्रेसाठी केक कोण करणार, मोठ्या किटलीचं झाकण कोणी नेलं, नेलं असेल तर परत आणावं.

बावीस बायका आणि एक नवरा. एक नवरा कुठल्याही गावात असतोच. रस्त्यावर बर्फ आहे म्हणून गाडी चालवायला त्याला आणलेलं असतं आणि तो मागे हीटरला पाठ लावून पेंगतो. थॉर्नबर्नचं महिला मंडळ, चॅपलमागचं सभागृह, फेब्रुवारीतली दुपार, ओल्या लोकरीचा वास. मागच्या आठवड्यात ग्रंथालयात, त्याआधी निवृत्त पोस्टमनांच्या क्लबात, पुढच्या आठवड्यात फुलझाडांच्या मंडळात. सगळीकडे तेच भाषण, 'खून कसा करावा', आणि हशा पण ठरलेल्या जागीच. हल्ली तर तिला वाटे, आपण घरीच बसावं आणि नुसतं तोंड पाठवून द्यावं, काम भागेल.

"आपल्या भागातल्या एवढ्या मोठ्या लेखिका," अध्यक्ष डॉरीन चार्लटन म्हणाल्या, "आणि दिसतात बघा किती साध्या! कुणी म्हणेल का, की या बाईंनी सतरा पुस्तकांत मिळून चाळीस माणसं मारली आहेत?"

"एकेचाळीस," हेस्टर उठत म्हणाली. "एक कुत्रा धरून." हशा.

बाटली तिने पहिल्या रांगेत दिली, हातोहात फिरवायला. मग बोलत राहिली. गावात परका माणूस मेला की कोणाला पत्ता लागत नाही आणि ओळखीचा मेला की सगळे म्हणतात, मला आधीपासूनच शंका होती... तोंड चाललं होतं आणि ती स्वतः खिडकीतून चॅपलच्या भिंतीवरचं शेवाळ बघत होती. आयडाच्या घराच्या मागच्या भिंतीवरही असंच होतं. आयडा म्हणजे आई. मरणाच्या बऱ्याच आधीपासून हेस्टर मनातल्या मनात तिला नावानेच हाक मारायची. आई म्हटलं की काहीतरी करावं लागतं. आयडा म्हटलं की ती नुसती एक म्हातारी बाई असते, खिडकीशी लावलेल्या पलंगावरची.

"आता घाबरू नका," तोंड म्हणालं. ही जागा आली की हेस्टरला आत कुठेतरी पायरी चुकल्यासारखं होई, गेली सहा वर्षं होई. "आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे, निदान माझा तरी. विषाच्या बाबतीत एक गोष्ट मी मुद्दाम चुकीची लिहिते. कोणी माझं पुस्तक उघडं ठेवून स्वयंपाकघरात प्रयोग करायला गेलं, तर नवऱ्याचं फार तर पोट बिघडेल. सतरा पुस्तकं, सतरा चुका."

मोठा हशा. मागचा नवरा दचकून जागा झाला म्हणून आणखी हशा.

सोळा. सोळा चुका. बाराव्या पुस्तकात नाही. बारावं पुस्तक आयडा गेल्यावर नऊ आठवड्यांत लिहून झालं. इतक्या वेगाने आधी कधी लिहिलं नव्हतं नि नंतरही नाही. त्यात एक मुलगी आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईला दुखण्यावरचं औषध देते, जास्त देते. सगळं तिथे जसंच्या तसं आहे: श्वास कसा लांबत जातो, मध्येच कसा थांबतो, ओठांचा रंग, आणि तो वेळ त्या दोघींना किती मोठा वाटतो ते. हातचा एक राखायचा राहून गेला. छापून आल्यावरच लक्षात आलं, आणि तेव्हाही मी स्वतःला सांगितलं की थकव्यामुळे झालं. थकले तर मी होतेच. चौदा महिने रात्री सलग झोपले नव्हते. प्रकाशकाला कबूल केलेली तारीख उलटून गेली होती, आणि आयडाच्या खोकल्याबरोबर माझ्या डोक्यातलं एकेक वाक्य तुटत होतं. हे मी भाषणात सांगत नाही. भाषणात मी म्हणते, हेतू नेहमी साधाच असतो.

तो बुधवार होता. दुपारचे साडेतीन. माझ्या हातात कस्टर्डचा चमचा, अर्धा भरलेला. आयडाने तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाली, "पुरे."

पुरे हा तिचा शब्दच होता. लहानपणी केस विंचरताना फणी तिसऱ्यांदा अडकली की पुरे. रेडिओवर कोणी फार बोलायला लागलं की पुरे. बाबांची शवपेटी खाली सोडली तेव्हा पाद्री आणखी काही म्हणणार होता, त्यालाही पुरे. आयडाला याहून लांब वाक्याची गरज आयुष्यात फारशी पडली नाही. मी चमचा खाली ठेवला. आणि कपाटावरची तिच्या औषधाची तपकिरी बाटली उचलली. तिच्या अंगाला कडा नव्हत्या, ती गुळगुळीत होती, हाताला काहीही कळलं नाही.

"काही प्रश्न?" डॉरीनबाई म्हणाल्या.

कल्पना सुचतात कुठून, हा प्रश्न आला. तुमच्या यजमानांना भीती वाटत नाही का, हाही आला, आणि यजमान नाहीतच हे उत्तर ऐकून सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग दुसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. जांभळा स्वेटर, कापलेले पांढरे केस, मांडीवर ती निळी बाटली. फिरत फिरत ती तिच्याकडे येऊन थांबली होती.

"मी चाळीस वर्षं घरोघर फिरणारी नर्स होते," ती बाई म्हणाली. "तुमच्या चुका मी शोधत बसते. शब्दकोडं सोडवावं तशी. तिसऱ्या पुस्तकात तो म्हातारा फारच लवकर मरतो. नवव्यात चहाला विषाची चवच येत नाही, ती यायला हवी. सगळ्या सापडल्या. बाराव्यातली तेवढी सापडत नाही. दोनदा वाचलं. कुठे आहे हो?"

सगळ्या माना हेस्टरकडे वळल्या, कौतुकाने. कोणी तरी म्हणालं, "नॉर्माने पकडलं बघा!"

"ती," हेस्टर म्हणाली, आणि तोंडाने ऐन वेळी दगा दिला. "ती जरा नीट लपवली आहे."

टाळ्या. डॉरीनबाईंनी आभार मानले. मग पाहुण्यांच्या हस्ते मार्मलेडची स्पर्धा: तीन बरण्या, तीन आकडे, तीन चमचे. हेस्टरने चमचा तोंडात घातला आणि संत्र्याचा कडूपणा जिभेवर पसरला, दुसऱ्याचाही तसाच, तिसऱ्याचाही. "दोन नंबर," ती म्हणाली. एक बाई लाजून उठली. बाकी दोघींनी जरुरीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

चहाच्या टेबलामागे नॉर्मा उभी होती. तिची पाळी असावी. हेस्टरला रांगेत पुढे घालण्यात आलं, पाहुणी म्हणून.

"ओळखलं नाहीस ना, पोरी?"

चेहऱ्यावरून नाही, त्या 'पोरी'वरून ओळखलं. निळ्या गणवेशातली नॉर्मा मिल्बर्न, मंगळवार आणि शुक्रवार, दारात बूट काढून मोज्यांवर आत येणारी. आयडा तिच्याशी हसायची. माझ्याशी नाही.

"गणवेश नव्हता म्हणून..."

"ही घे तुझी बाटली. चांगली आहे. हाताला कळतं." नॉर्माने ती बशांच्या बाजूला ठेवली. मग चहाच्या नळावर फडकं फिरवत, खालच्या आवाजात, मागच्या बाईला केक हवा का विचारावं इतक्या साधेपणाने म्हणाली, "आयडाची बाटली शुक्रवारी मीच परत नेली. तिच्यात किती उरायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं."

आश्चर्य असं की हेस्टरच्या आत काहीतरी सैल झालं. शेवटी कोणीतरी वाचलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"फॉर्मवर लिहिलं, सांडलं. माझ्या हातून सांडलं म्हणून. चाळीस वर्षांत माझ्या हातून सांडलेलं तेवढंच." तिने कप सरळ केला. "मी त्यासाठी आले नाही. कोणाला सांगणारही नाही, मला आता काय करायचंय. पण सहा वर्षं झाली, मला एक सांग. ती स्वतः म्हणाली होती का, दे म्हणून?"

हो. एवढंच म्हणायचं होतं. एकेचाळीस जीव घेतलेल्या बाईला एक हो जड नव्हता. नॉर्मालाही या होची गरज होती, माझ्याइतकीच.

"ती म्हणाली, पुरे."

"कशाला पुरे?"

मागे डॉरीनबाई कोणाला तरी सांगत होत्या, पुढच्या महिन्यात मधमाश्यांवर भाषण आहे म्हणून. चमचा अर्धा भरलेला होता. हे मी बाराव्या पुस्तकातही लिहिलं नव्हतं. त्यात आई स्पष्ट म्हणते, मला सोडव. पूर्ण वाक्य, अवतरणचिन्हांत. तेवढ्यासाठीच ते पुस्तक लिहिलं होतं... म्हणजे चूक होती. होतीच. औषधात नाही, तिथे. सतरा पुस्तकं, सतरा चुका.

"माझ्या हातात कस्टर्ड होतं," हेस्टर म्हणाली.

नॉर्माने हेस्टरकडे पाहिलं. पेशंटकडे पाहावं तसं, रागाने नाही. मग काळा चहा भरलेला कप पुढे ओढला आणि दुधाचं भांडं उचललं.

"पुरे झालं की सांग."

दूध पडायला लागलं. चहा तपकिरी झाला, मग फिका, मग कपाच्या काठाकडे चढू लागला. मागच्या बाईने "अगं, नॉर्मा" म्हटलं. नॉर्माचा हात थांबला नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, वाट पाहत. दोन अक्षरांचा शब्द जिभेवर आलेला होता, आयडाचा, तिच्याच आवाजात. तो कुठल्या अर्थाने म्हणायचा, हे मला कळेना.