खाच कोणत्या अंगाला होती

‘रोमेन लेट्यूसची पाने नीट न धुतल्यामुळे अकरा जण आजारी पडले; जबाबदारी पाने धुणाऱ्या मावशींची.’ हा चौकशी समितीचा निष्कर्ष. मित्रांनो, मी याच उपाहारगृहातली चिरायची जुनी लाकडी फळी आहे. समितीने नळ तपासले, टोपल्या हुंगल्या. मला मात्र कोणी उलटून पाहिले नाही. तेवढे श्रम विद्वत्तेला सोसत नसावेत.

सुताराने माझ्या एका अंगाला खाच पाडली. खाच वर असेल तर पाला चिरायचा. बिनखाचेच्या अंगावर कच्चे मांस. मांस आटोपले की मला उकळत्या पाण्याने घासायचे आणि उलटायचे.

रोमेनच्या लांबट, ताठ गड्ड्यांनी मला मान दिला. उभा चिरलेला अर्धा गड्डा तव्यावर शेकला जाई, बाहेरची जाड पाने सूपमध्ये जात, आतली कुरकुरीत पाने चिरून सॅलडमध्ये. काही होडीसारखी पाने मात्र मावशी हातानेच सोडवत आणि कच्चीच ठेवून त्यांत सारण भरत. ती माझ्यावर कधी येत नसत.

आता समितीचाच तक्ता वाचा. त्या दुपारी अखंड पाने खाणारे चौदाही जण ठणठणीत राहिले. चिरलेले सॅलड खाणारे अकराही जण अंथरुणाला खिळले. पाने एकाच टोपलीतली, मावशींनी एकदमच तीन पाण्यांतून काढलेली. फरक एकच, मित्रांनो, आणि तो मी आहे. सुरी चालत होती आणि माझ्या चरांत राहिलेले कच्च्या कोंबडीचे पाणी पानांत उतरत होते. लाकडाला ओरडता येत नाही, ही सबब मी रोज स्वतःला देते; ती रोज अपुरी पडते.

व्यवस्थापकांनी अहवाल मावशींपुढे सरकवला. सही केली की प्रकरण मिटेल, कामावर मात्र उद्यापासून येऊ नका, असे ते मृदू आवाजात म्हणाले. मावशींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

“सही मला येते, साहेब,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या हातच्या पानात माती राहत नाही.”

मुख्य आचारी, ज्यांना त्या वीस वर्षे दादा म्हणत आल्या, माझ्याकडे बघत उभे होते. मित्रांनो, फळी उलटायला दोन हात आणि एक क्षण लागतो. तो क्षण वाचवू नका. तो दुसऱ्याच कोणाकडून वसूल होतो.

दादांनी पेन घेतले आणि मावशींच्या सहीच्या जागी जे लिहिले, ते अक्षरशः असे:

‘पाने स्वच्छ होती. खाच खाली आहे हे मला दिसले होते. गर्दी होती म्हणून मी फळी उलटली नाही, आणि मावशींचे नाव आले तेव्हा गप्प बसलो.’