पाठीवर लिहिलेल्या दोन ओळी

मी एक जुना दगड आहे. किती जुना ते विचारू नका, मित्रांनो. मला मोजता येत नाही.

एका माणसाने मला घडवले. ओढ्याकाठी उकिडवे बसून त्याने दुसऱ्या दगडाने माझ्या दोन्ही बाजू उडवल्या आणि मला धार आणली. माझ्या अंगाच्या कपच्या तिथेच पडल्या. मी त्यांना भावंडे म्हणतो. मला हातात धरून त्याने कातडी सोलली, कंद खणले. एके दिवशी मला खाली ठेवून तो गेला तो परत आलाच नाही. आमच्यावर पिवळी माती साचत गेली. तरी मला एकटे वाटले नाही, कारण भावंडे शेजारीच होती.

मग तिथे पूल बांधायला एक गवंडी आला. काठ खणताना मी त्याच्या हाती लागलो. हा एखाद्या अवाढव्य प्राण्याचा दगड झालेला दात असावा, असे त्याच्या मनाने घेतले. जुने हाड जिभेला चिकटते असे त्याने ऐकले होते, म्हणून त्याने मला चाटूनही पाहिले. मी चिकटलो नाही, पण तो काही मागे हटला नाही. जाड पेन्सिलीने त्याने माझ्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या: कोणता पूल, आणि कोणत्या खांबापासून किती पावले. मग डब्यात घालून मला घरी नेले.

घरी माझी जागा रेडिओवर होती. येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर माझी माहिती ऐकावी लागे. त्याची बायको म्हणायची, आधी स्वतःचे दात सांभाळा. पुढे रेडिओ गेला, मी दाराला टेकण म्हणून आलो आणि शेवटी मोरीच्या खिडकीत जाऊन बसलो. माझ्याकडे कोणी बघेना.

गवंडी म्हातारा झाल्यावर, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू संग्रहालयात ओळखून देणार असल्याचे त्याच्या मुलीने वाचले. तिथे जायच्या आदल्या दिवशी तिने मला साबण लावून ब्रशने खसाखसा घासले. इतक्या वर्षांनी कोणी हात लावला, म्हणून मी खुशीत होतो. माझे काय जाते आहे हे मला तरी कुठे कळले?

संग्रहालयातल्या बाईंनी मला भिंगाखाली धरले. हाडाची छिद्रे नव्हती. पण जिथे घाव बसला होता तिथला खळगा आणि त्यातल्या लाटा त्यांना दिसल्या.

"हा दात नाही, काका," त्या म्हणाल्या. "हे हत्यार आहे. माणसानं हातानं घडवलंय."

गवंड्याने मला मुठीत घेतले. त्याची बोटे नेमकी त्या पहिल्या बोटांच्या जागी बसली.

"म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी," तो म्हणाला.

बाईंनी विचारले, सापडले कुठे? तिथे आणखी असतील, मातीवरून काळही कळेल. आता भावंडे भेटणार, या विचाराने मला भरून आले.

"पाठीवर लिहून ठेवलंय की," म्हणत त्याने मला उलटे केले. पाठ स्वच्छ होती.

"बाबा, काल मी घासला," मुलगी हळूच म्हणाली. "चांगला दिसावा म्हणून."

तो माझ्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. "असू दे," तो म्हणाला. "परक्या घरी जाताना अंघोळ घालतातच."

त्याने जन्मात बावीस पूल बांधले होते. लिहिलेले आहे म्हणून त्याने ते ध्यानात ठेवले नव्हते. बाईंनी चिठ्ठीवर लिहिले: ठिकाण माहीत नाही.

आता मी काचेआड असतो. मित्रांनो, असे काही सापडले तर ते उचलण्याआधी जागा वहीत लिहा, आणि जाणकाराने पाहिल्याशिवाय ते घासू नका. माझ्यासारख्याला बोलता येत नाही.

गवंडी दर रविवारी मुलीबरोबर येतो. काचेसमोर बसून एकेक पूल आठवतो आणि मुलगी वहीत लिहिते. परवा तो म्हणाला, "वीटभट्टीजवळचा. तिथली माती पिवळी होती का गं?" तोच पूल होता. मी जिवाच्या आकांताने हो म्हणालो. तो काचेजवळ वाकला.

"नसेल," तो म्हणाला, आणि मुलीने त्या पुलावर काट मारली.