बादलीतले फोन

माझ्या लाँड्रीत शिरताना प्रत्येकाने आपला फोन दाराजवळच्या कोरड्या बादलीत ठेवायचा, हा माझा नियम. मागे एकीचा फोन चादरीत गुंडाळून मशीनमध्ये गेला होता. निघाला लख्ख, पण बोलायचा कायमचा थांबला. तेव्हापासून बायका असोत की गाडीवाला, फोन बादलीत. माझा फोन मात्र माझ्या कमरेला. नियम करणाऱ्यानेही तो पाळायचा असतो, हे मला सांगायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही इस्पितळाच्या चादरी धुतो. साथ आली तेव्हा चादरींचे डोंगर येऊ लागले. जवळपास दुसरी लाँड्री नाही. आम्ही थांबलो तर आजारी माणसं उघड्या गादीवर झोपणार.

धाकटी सून साथीच्या कचेरीत कामाला. दिवसभर पडद्यावर ठिपके बघायची. एक ठिपका म्हणजे एक फोन, आणि दोन फोन बराच वेळ जवळजवळ राहिले की मध्ये रेघ. सरकारने सगळ्यांच्या फोनमध्ये तसं ॲप घालायला लावलं होतं. कुणी आजारी पडलं की ती रेघ धरून पुढचं माणूस गाठायचं. मी चौथीत शाळा सोडलेली, पण हे माझ्या चटकन डोक्यात शिरलं. म्हटलं, अगं, ही तर वंशावळ. कोण कुणापासून झालं, एवढंच ना? तरी मी तिला ठिपकेवालीच म्हणायची. संसाराला उपयोगी पडेल असं काही शिकली असतीस, असंही वर सुनवायची. ती हसायची. हसणाऱ्या सुनेशी भांडता येत नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक.

मग इस्पितळातून मळक्या चादरी आणणारा आमचा गाडीवाला तापाने पडला. तपासणीत तीच साथ निघाली. दुसऱ्या सकाळी कचेरीचा हुकूम आला. लाँड्रीतल्या झाडून सगळ्या बायका त्याच्या संपर्कात होत्या, सगळ्यांनी घरी बसायचं. सुटले ती एकटी मी. माझा ठिपका हिरवा.

आधी मला बरंच वाटलं. यंत्रालासुद्धा माणूस ओळखता येतं म्हणायचं. पण मशीन बंद, चादरी कमरेएवढ्या, आणि इस्पितळाची मुख्य नर्स फोनवर सांगत होती की धुतलेल्या चादरी संध्याकाळपर्यंतच पुरतील. मी सुनेला फोन लावला. म्हटलं, तुझ्या साहेबांना सांग, सासूची लाँड्री आहे.

"सासूसाठी रेघ पुसता येत नाही, आई," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या निम्म्या माझ्याच घरच्या निघाल्या, ते सोडा.

थोड्या वेळाने तिचाच फोन आला. आवाज बदललेला, कामातला.

"आई, तुमच्याकडे सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी ठेवतात का?"

मी गारच पडले. वाफेने तिला दम लागतो, म्हणून लाँड्रीत तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. बादलीची गोष्ट घरी निघालेली नाही. तुला कुणी सांगितलं, विचारलं. ती म्हणाली, ठिपक्यांनीच सांगितलं. माणसं जवळ येतात, लांब जातात, पाणी प्यायला उठतात. हे फोन दिवसभर जागचे हललेच नव्हते. नवराबायकोसुद्धा इतकी चिकटून बसत नाहीत, आई, असंही म्हणाली. त्यात गाडीवाल्याचा फोन संध्याकाळपर्यंत त्यांच्यातच होता, आणि गाडीची नोंद मात्र इस्पितळाच्या फाटकावर, एका फेरीनंतर दुसरी. म्हणजे बाबाजी फोन आमच्या बादलीत विसरून गावभर हिंडत होते.

खुर्चीत बसून तिने माझी बादली बघितली. माझ्या अंगावर काटा आला, कौतुकाचा.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी त्याच्याजवळ कोण होतं?"

बायका तर आत मशीनपाशी, तो बाहेर अंगणात. पण सकाळी गाठोडी मोजायच्या खोलीत, दार लावून, फाटक्या चादरींवरून तास-दीड तास त्याच्याशी भांडत होते ते मी. मास्क हनुवटीवर, कारण मास्कमधून भांडल्याचं समाधान मिळत नाही. माझा फोन कमरेला, त्याचा बादलीत. यंत्राच्या लेखी आम्ही भेटलोच नव्हतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर हिरवा.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? आणि बोलले तर मी कोंडली जाणार. लाँड्रीची किल्ली मी नवऱ्यालासुद्धा कधी दिली नव्हती.

"मी होते," मी म्हटलं.

तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, यंत्राला जिथे दिसत नाही तिथे माणसालाच विचारावं लागतं, आणि माणूस खरं बोलेल याची खात्री नसते. "तुमची होती," ती म्हणाली.

तिने एकेका बाईला स्वतः फोन करून विचारलं, सगळ्यांची उत्तरं ताडून बघितली, साहेबांपुढे मांडली. दुपारी बायका कामावर आल्या, मी लाँड्रीच्या वरच्या खोलीत एकटी राहायला गेले. खिडकीतून किल्ली इस्त्रीवालीच्या पदरात टाकली. म्हटलं, किल्ली देतेय, लाँड्री नाही.

"बाई, आता तुमचाही फोन टाका बादलीत," ती टवळी खालून म्हणाली. सगळ्या हसल्या. मी खिडकी लावून घेतली, मला तेव्हा कणकण वाटू लागली होती.

ताप आला, चांगला आला. बायकांपैकी एकीलाही शिंक आली नाही. इस्पितळाच्या चादरी एक दिवस चुकल्या नाहीत.

ताप उतरल्यावर सून खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावून मला साथीच्या ठिपक्या-रेघांचं ते चित्र दाखवलं. केवढा पसारा. या फांदीतून ती, तिच्यातून आणखी तीन. त्यात गाडीवाल्याचा ठिपका, त्याच्यापासून माझ्याकडे आलेली रेघ. ही तिने हाताने ओढली होती.

"तुमच्यापुढे कुणी नाही, आई."

घराण्याचा वेल पुढे गेला पाहिजे म्हणून जन्मभर मी सुनांच्या मागे लागले. आणि आता माझ्यापाशी खुंटलेला वेल बघून माझा ऊर भरून आला. खाली मशीनची घरघर चालू होती.

"अगं ठिपकेवाले," मी म्हटलं, "ते जरा मोठं करून पुन्हा दाखव."