निळं कोठार

शालन दारातून आत आली तेव्हा नीरज ‘तृतीय क्रमांक’ लिहिलेली चिठ्ठी स्वतः काढलेल्या फोटोच्या फ्रेमवर चिकटवत होता. तिच्याबरोबर तिच्या दोन जावा होत्या. तिघींनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, केसांत अबोलीचे गजरे होते. मीरा रोडच्या त्या वातानुकूलित हॉलमधल्या छायाचित्र प्रदर्शनात बाकीची माणसं जीन्समध्ये, हळू आवाजात बोलत फिरत होती. नीरजने चिठ्ठी कशीबशी दाबली, वळला आणि फोटोला पाठ लावून उभा राहिला. जमेल तेवढे खांदेही रुंद केले.

फोटो शालनच्याच कोठाराचा होता. जवळच्याच मुर्धा गावात खाडीच्या अंगाला तिच्या सासऱ्यांनी मिठागराच्या दिवसांत बांधलेलं, फळ्यांच्या भिंतींचं आणि कौलांचं. मिठागर कधीच बंद पडलं. आता कोठारात म्हशीचा पेंढा आणि घरात न मावणारं सगळं असे. नीरज बँकेत नोकरीला, पण शनिवार-रविवारी स्वतःला कलावंत समजायचा. वर्षभर तो अशीच पडकी कोठारं शोधत भटकत होता. खारा वारा खाऊन राखाडी झालेल्या त्या फळ्या पाहून तो हरखला. मोबाईलवर एक फोटो काढला, शालनने दिलेला चहा प्यायला आणि म्हणाला, मावशी, पुढच्या महिन्यात मोठा कॅमेरा घेऊन येतो, तुमचं कोठार प्रदर्शनात लावू, सगळे बघायला या. बोलायला त्याचं काय जात होतं!

पुढच्या महिन्यात तो गेला तेव्हा कोठार निळं झालं होतं. ऑइलपेंटचे चांगले दोन हात, दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यापुढे रांगोळी आणि दारात हिरवी साडी नेसलेली शालन. तिचा नवरा शिवदास कौतुकाने सांगत होता, आठ दिवस हिला दुसरं काही सुचलं नाही, शिडीवर चढून एकटीने रंगवलंय. फोटो काढायचा म्हटलं की माणूस आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून उभा राहतो. कोठाराने तसं का उभं राहू नये? नीरजला तेवढं सुचलं नाही. त्याच्या मनात एकच, आपला रविवार फुकट गेला. उजेड तपासायला म्हणून त्याने शालनसकट एक फोटो घेतला आणि मग तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती लगेच झाली, आणि त्याने नुसत्या कोठाराचा फोटो काढला.

घरी येऊन तीन संध्याकाळ तो कॉम्प्युटरवर तिचा रंग पुसत बसला. मोबाईलमधल्या फोटोतल्या जुन्या फळ्या उचलून निळ्यावर बसवल्या. तोरण काढलं, रांगोळी काढली आणि सगळ्यावर सेपियाची तपकिरी छटा चढवली. कोठार शंभर वर्षांपूर्वीचं दिसायला लागलं. बायको, सुचेता, मागून बघत म्हणाली, तिथं माणसं राहतात ना रे? त्याने छटा आणखी थोडी गडद केली. फोटोखाली नाव दिलं, ‘ओसाड, मुर्धा’. पुढे शिवदासने फोन करून प्रदर्शनाचा पत्ता विचारला तेव्हा नाही कसं म्हणायचं, म्हणून देऊन टाकला. ते खरंच येतील असं त्याला वाटलं नव्हतं.

शालन एकेक फोटो बघत त्याच्यापर्यंत आली.

“आमचा कुठं हाय, भाऊ?”

“तुमचा ना मावशी... तो पुण्याला गेलाय. तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला.”

तिचा चेहरा असा फुलला की नीरजला नजर खाली घालावी लागली. तिने जावांना दोनदा सांगितलं, पुन्याला गेलाय. थोरलीने, तो परत कधी येणार, अशी चौकशी केली, आणि नीरजने तिलाही काहीतरी थाप मारली.  तेवढ्यात बक्षिसासाठी माईकवरून त्याचं नाव पुकारलं आणि त्याला जागेवरून हलावंच लागलं.

व्यासपीठावर प्रमाणपत्र हातात धरून उभा असताना त्याने पाहिलं. जावा वडापावच्या टेबलाशी होत्या. शालन त्याच्या फोटोसमोर एकटी उभी होती. वाकून, अक्षरांखालून बोट फिरवत तिने नाव वाचलं. मग आणखी जवळ जाऊन दाराशी कुठेतरी बघत राहिली. तो खाली उतरेपर्यंत तिघी निघून गेल्या होत्या.

आठवडाभर तो स्वतःची समजूत घालत होता की तिला कळलं नसणार. ओळखू येण्यासारखं त्याने काही ठेवलंच नव्हतं. पण जेवण गोड लागेना. शेवटी त्याने तो पहिला, शालनसकट घेतलेला रंगीत फोटो मोठा करून घेतला, फ्रेम करून घेतली आणि रविवारी मुर्ध्याला निघाला. पुण्याचं प्रदर्शन संपलं, हा घ्या तुमचा फोटो, असं म्हणायचं त्याने रिक्षातच ठरवून टाकलं. म्हणजे लाज वाटत होती ती वाटत होती, पण खोटं काही सुटत नव्हतं.

कोठाराकडून खरवडल्याचा आवाज येत होता. जुन्या साडीचा पदर खोचून, हातात लोखंडी पट्टी घेऊन शालन भिंत खरवडत होती. तिचा हात पोचत होता तिथपर्यंत फळ्या उघड्या पडल्या होत्या, वर अजून निळं होतं. पायाशी रंगाचे पोपडे पडले होते.

“मावशी, हे काय करताय?”

ती दचकली, आणि चोरी पकडली गेल्यासारखी ओशाळली.

“तुमाला जुनाच पायजे व्हता,” ती म्हणाली. “आमाला काय ठाव? उगाच रंगवला मी. तुमाला पुसत बसाया लागला.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कडी वलखली ना. रंग झाल्यावर ह्यांनी ठोकलेली हाय, वाकडी.” मग आवाज खाली करून ती म्हणाली, “जावांना न्हाय सांगितला. त्यांच्यासाठी पुन्यालाच हाय.”

नीरजला तिथून पळून जावंसं वाटलं. मावशी, चूक माझी आहे, एवढं तो कसंबसं बोलला. तिला वाटलं, हा रीत म्हणून बोलतोय. वरचा भाग राहिलाय, शिवदास शिडी घेऊन आला की तेवढाही होईल, पुढच्या रविवारी या आणि पाहिजे तसा काढा, असं तीच त्याला समजावू लागली. मग तिचं लक्ष त्याच्या काखेतल्या, कागदात गुंडाळलेल्या चौकटीकडे गेलं.

“पुन्यावरनं आला?”

त्यात टोमणा नव्हता; जावांना काय सांगायचं तेवढंच ती पक्कं करून घेत होती. नीरजने कागद फाडला आणि फ्रेम तिच्या हातात दिली. निळी भिंत, झेंडूचं तोरण, रांगोळी, आणि मधोमध हिरव्या साडीत ती. शालनने फ्रेम लांब धरून पाहिली. मग खरवडलेल्या भिंतीकडे पाहिलं, आणि पुन्हा फ्रेमकडे.

“बरा दिसत व्हता ना?” तिने विचारलं.

नीरजने हो म्हणून मान हलवली.